विझू न दिलेलं घड्याळ

रुपालीच्या मनगटावरच्या घड्याळात वेळसुद्धा दिसत असे, पण वेळ बघायला ती पर्समधून मोबाइल काढायची. घड्याळ होतं ते नाडीसाठी. सकाळी डोळे उघडले की आधी त्याची काच अंगठ्यानं पुसायची, हृदयाच्या ठोक्यांचा आकडा बघायचा आणि तो बरा वाटला तरच पाय जमिनीवर टेकायचे. नारायण पेठेतल्या ज्या प्रकाशनाच्या ऑफिसात ती संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम करायची, तिथं तिचं हे वेड सगळ्यांना पाठ झालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या पूर्णिमाताई एकदा मान वर न करता म्हणाल्या, "रुपाली, त्या आकड्याचं कौतुक जरा कमी होऊ दे. जेवायची सुट्टी संपून गेली."

घड्याळ आणलं होतं संतोषनं, वाढदिवसाला. बायकोनं संध्याकाळी कात्रज तळ्याकडे चार पावलं चालावं, एवढीच त्या चाकणच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या माणसाची माफक इच्छा. पुढं हे घड्याळ आपल्या दोघांच्या संसारात तिसरं माणूस होऊन बसेल, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. आता ते फक्त आंघोळीपुरतं उतरायचं. तेवढ्यात चार्जिंग उरकायचं, आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत पुन्हा मनगटावर.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण घरात कुणी हसत नसे. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या दिवशी रुपाली ऑफिसात बसून लोणच्यांच्या एका पुस्तकाची पानं लावत होती. ना काही दुखलं, ना खुपलं. संध्याकाळी ठरलेल्या तपासणीला गेली, तर डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. आपल्या पोटात एवढं घडून गेलं आणि आपण 'मोहरीची डाळ' नीट ओळीत बसवत होतो, हे तिला राहून राहून खायचं. या खेपेला काही झालं तर निदान आपल्याला कळलं पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिला दोनदा समजावलं. घड्याळ तुमची नाडी मोजतं, बाळाची नाही, आणि या दिवसांत नाडी थोडी चढीच राहते. रुपालीला ते पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि मनगट मोकळं सोडणं वेगळं.

सातवा लागला आणि पुलगावहून मुक्ताई आल्या. मुक्ताई म्हणजे संतोषची आई. येताना तुरीची डाळ, सांडगे आणि एक जुनं मऊ लुगडं घेऊन आल्या. वर्धेकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात, त्यावर सोसायटीत चार दिवस हसून झालं. मुक्ताईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना कशाचंच नसायचं, असं रुपालीला वाटायचं. गॅस संपला, काई होत नाई. पाणी आलं नाही, काई होत नाई. रुपालीच्या पायाला सूज आली तेव्हाही त्यांनी एकदा बघितलं, 'काई होत नाई' म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

रुपालीच्या मनात मात्र एक जुनी अढी होती. मागच्या वेळी दवाखान्यातून तिनं पुलगावला फोन लावला, जेमतेम दोन वाक्यं बोलली, तर पलीकडून मुक्ताईंनी विचारलं होतं, "जेवली काय?" बस, एवढंच. पोटचं गेलेल्या बाईला कुणी हे विचारतं? तेव्हापासून त्यांच्याशी ती आदरानं वागायची, हवं नको बघायची, पण मनातलं काही म्हणून बोलायची नाही. भीती वाटते, हे तर मुळीच नाही. हिच्यापुढं ते बोलून काय उपयोग, असं तिला वाटायचं.

डोहाळजेवण रविवारी घरातच ठरलं. मुक्ताईंचा एकच आग्रह होता, हिरवा चुडा भरायचा. तोही बाजारातून आणून घरी चढवलेला नाही, कासाराच्या हातून भरलेला. म्हणून संतोष मंडईजवळच्या गल्लीतून बाळ कासारांना गाडीवर बसवून घेऊन आला. सत्तरी ओलांडलेले बाळ कासार सतरंजीवर बसले, बांगड्यांच्या माळा मांडल्या, रुपालीचा डावा हात हातात घेतला आणि थांबले.

"हे काढा," ते म्हणाले.

"राहू दे ना काका. वर सरकवते कोपरापर्यंत."

"काचेला काच लागणार. आज चुडा भरायचा आणि उद्या एकेक वाढवत बसायची, असा बेत आहे का?"

"मग एकाच हातात भरा. उजव्या."

"असं आधी सांगायचं. अर्ध्या वाटेवरून परत गेलो असतो."

शेजारची शेफाली खुदकन हसली. रुपालीनं घड्याळ पायात बांधून बघितलं, पट्टा पुरेना. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिचे कान गरम व्हायला लागले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मुक्ताई पुढं आल्या. सासरे गेल्यापासून असल्या कार्यात त्या बाहेरच्या खोलीत येत नसत. रुपालीनं सांगून बघितलं होतं, संतोषनं भांडून बघितलं होतं. आता त्यांनी नुसता हात पुढं केला. "दे माह्यापाशी. मी ठेवतो नीट."

रुपालीनं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं, पण सोडवेना. "आई, सांभाळा हं. बंद पडू देऊ नका."

"नाई पडू देत," मुक्ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चुडा भरायला सुरुवात झाली. बाळ कासारांचा हात हलका होता. बोटं चेपून बांगडी कधी आत जायची कळत नसे. तरी डाव्या हातावरची एक बांगडी गाठीवर अडली. त्यांनी जरा दाबली, आणि कट्‌ असा आवाज होऊन ती वाढली. तुकडा सतरंजीवर पडला. शेफालीनं संतोषकडे पाहिलं, पूर्णिमाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि रुपालीचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला, जिथं आता घड्याळ नव्हतं.

मुक्ताई दारात उभ्या होत्या. नेहमीसारखाच दोन्ही खांद्यांवरून पदर, हात पदराच्या आत, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हललेली नाही. "काई होत नाई," त्या म्हणाल्या. "दुसरी भरा, भाऊ."

दुसरी भरली गेली. त्यांच्या त्या थंडपणाचा रुपालीला त्या क्षणी मनस्वी राग आला.

पण कार्य छान झालं, हेही खरं. फुलांची वाडी घातली, ओटी भरली, पूर्णिमाताईंनी अनपेक्षितपणे गोड गळ्यानं गाणं म्हटलं. झाकलेल्या दोन वाट्यांतून रुपालीनं एक उघडली तर आत बर्फी निघाली, त्यावरून मुलगी होणार म्हणून सगळ्यांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. मनगटाकडे वळणारी तिची नजर हळूहळू कमी झाली, आणि दुसऱ्यांदा मसालेभात घेताना तर ती घड्याळ विसरूनच गेली होती. आत पानं वाढणं, उष्टी काढणं सगळं मुक्ताई बघत होत्या.

संध्याकाळी सगळे गेले. संतोष बाळ कासारांना सोडून परत आला आणि सोफ्यावर आडवा झाला. रुपालीनं फोटो बघायला म्हणून दिवसभर आत पडून राहिलेला मोबाइल हातात घेतला, तर वर घड्याळाची सूचना येऊन बसलेली. तुम्ही स्थिर असताना हृदयाचे ठोके बराच वेळ वाढलेले आढळले आहेत. एक नाही, लागोपाठ तीन सूचना.

बाळ शेवटचं कधी हललं होतं? गाण्याच्या वेळी? त्याच्या आधी? तिला काही म्हणता काही आठवेना. "संतोष, गाडी काढ," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून तो काही न विचारता उठला, कपाटातून दवाखान्याची फाइल काढली, किल्ली शोधायला लागला.

चपला घालायला ती वाकली, तेव्हा चुडा किणकिणला. ती तशीच थांबली. दोन्ही मनगटं हिरवीगार होती. घड्याळ दुपारपासून तिच्या हातात नव्हतंच, मग ते मोजत कुणाला होतं?

ती स्वयंपाकघरात गेली. मुक्ताई खाली बसून उरलेला भात डब्यात भरत होत्या. पदर खांद्यावरून घसरला होता, आणि त्यांच्या काळ्यासावळ्या मनगटावर, एकुलत्या एका पातळ पाटलीच्या वर, ते घड्याळ होतं.

"आई, हे तुमच्या हातात?"

मुक्ताईंनी हात पदराखाली ओढला. "तूच तं म्हनली, बंद पडू देऊ नका."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कपाटात ठेवायला म्हणून त्यांनी घड्याळ उलटं धरलं, तर त्याच्या पाठीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि गेला. नवरात्रात नऊ दिवस समईची राखण करणारी बाई ती. त्यांच्या हातून पुलगावच्या घरातली ज्योत कधी गेली नव्हती. "म्हटलं, आजच्या दिवशी पोरीचा दिवा माह्या हातून इझला. मनगटाले लावून पाह्यलं, तं पुन्हा लागला. मंग काढू कशी? मधीमधी थरथरत होतं. म्हटलं, जिवंत हाय."

रुपालीला हसू यायला हवं होतं. ती मोबाइलच्या पडद्याकडे बघत उभी राहिली. ठोक्यांच्या आलेखातली दुपारची रेघ तिच्यासमोर होती. बांगडी वाढली त्या सुमाराला ती सरळ वर चढली होती, आणि पंगत उठेपर्यंत धड खाली आलीच नव्हती. तेव्हा ही बाई दारात उभी होती, पदरात हात घेऊन, दगडासारखी.

ती सावकाश, ओट्याला धरून, मुक्ताईंच्या शेजारी फरशीवर बसली. "बांगडी वाढली तेव्हा तुम्ही घाबरला होतात."

"मी? कोन म्हनते?"

"घड्याळ म्हणतंय."

मुक्ताईंनी मनगटाकडे पाहिलं. चहाडी करणाऱ्या शेजारणीकडे बघावं तसं पाहिलं. मग भाताचा डबा बाजूला सरकवला.

"मांगच्या वक्ती तुहा फोन आला," त्या म्हणाल्या, "तवा मी अंगनात होतो. ऐकलं, अन् खालीच बसलो. बोलाले गेलो तं नुसतं रडू. म्हटलं, सासूच रडाले लागली तं पोरीनं कोनाकडं पाह्यावं? म्हून जेवली काय इतकंच इचारलं, अन् फोन ठेवला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तवापासून रोज तेच. तू खोकलली तरी मी रातच्याले उठून बसतो. पन तुह्यापुढं दाखवू कशी? तू आधीच थ्या घड्याळात डोळे लावून बसलेली."

दोन वर्षं जिच्यावर मनातल्या मनात रागावून झालं, ती बाई आपल्याच भीतीनं पोखरलेली निघाली होती. रुपालीला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, फार जास्त, हायसं वाटलं.

"मला वाटायचं तुम्हाला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. आणि मग जे ती डॉक्टरबाईंना, संतोषला, कुणालाच म्हणाली नव्हती, ते तिच्या तोंडून सहज निघून गेलं. "मला खूप भीती वाटते, आई. सकाळी उठले की आधी तीच वाटते."

मुक्ताईंनी तिचा बांगड्यांनी भरलेला हात आपल्या मांडीवर घेतला. "मलेबी लागते, माय. लय लागते."

रुपाली त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मुक्ताईही रडल्या, भात उघडा राहिला. पोटात बाळानं एक सणसणीत लाथ मारली, तशी ती रडता रडता हसली आणि मुक्ताईंचा हात तिथं नेऊन ठेवला.

संतोष दारात येऊन उभा राहिला होता. एका हातात गाडीची किल्ली, एका हातात फाइल. समोर बायको आणि आई फरशीवर बसून एकाच वेळी हसत रडत होत्या, आणि हे काय चाललंय याचा त्याला काही अंदाज येत नव्हता.

"दवाखान्यात जायचंय ना?" त्यानं विचारलं.

"जायचंय. उद्या, आईंना दाखवायला," रुपाली म्हणाली. "आज नको. आम्ही जरा घाबरून घेतोय."

संतोषनं फाइल ओट्यावर ठेवली. दोघींकडे पाहिलं, मग किल्ली तशीच मुठीत धरून तोही भिंतीला टेकून खाली बसला.

"मग थोडं माझंही ऐका," तो म्हणाला.