पहिली मूठ

मनकर्णाबाईंचा नेम साधा होता. ज्वारी पाखडून झाली की दळायच्या डब्यात ओतण्याआधी पहिली मूठ अंगणात पडायची, ती चिमण्यांची. पहाटे तव्यावरची पहिली भाकरी मोत्या कुत्र्याची. साखर सांडली तर ती मुंग्यांची, तिला झाडू लावायचा नाही. बिडकीनच्या अलीकडे शेतातल्या त्या घरात माणसं तीनच होती, म्हातारी, मुलगा बद्रीनाथ आणि सून आशाबाई. पण घरात खाणारे किती, असं कुणी विचारलं तर म्हातारीची बोटं पुरायची नाहीत. रेशनकार्डावर चिमण्यांची नावं चढवून आणू का, म्हणून बद्रीनाथ तिची थट्टा करायचा. थट्टा करायचा खरा, पण चितेगावच्या कंपनीत जेवायला बसला की पहिला घास भिंतीवरच्या कावळ्याला टाकल्याशिवाय त्यालाही जेवण जात नसे. आईचंच वळण, जाणार कुठं?

त्या दिवशी मनकर्णाबाईंना उठल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळायला चहा होईपर्यंत वेळ लागला. दारातल्या कडुलिंबावर रोज सकाळी चिमण्यांचा नुसता कालवा असायचा, आज तिथं चिटपाखरू नव्हतं. बद्रीनाथ भाकरी बांधून घेऊन पहाटेच सायकलवर गेला होता. चिमण्या कुठं गेल्या गं, असं त्यांनी सुनेला विचारलं. गेल्या असतील माहेरी, असं म्हणून आशाबाई हसली. म्हातारीनं मात्र चहा तसाच ठेवला.

त्या अंगणात उतरल्या. काल दिवस कलताना टाकलेले दाणे निम्मे तसेच पडले होते. पहिली चिमणी तुळशीमागं सापडली. लिंबाखाली वाकून पाहिलं तर तिथं अकरा होत्या. त्यापुढं मोजवेना. मांजराचं काम म्हणावं तर रक्ताचा टिपूस नव्हता. त्यांनी एक उचलून तळहातावर घेतली. एवढासा जीव, पार गार पडलेला. साप येऊन गेला असेल, हवा वाईट असेल, असं काहीबाही मनाला समजावत त्या सकाळची कामं उरकत राहिल्या.

मग गोठ्यापाशी मोत्या दिसला. तोंडाला फेस, पाय ताठ. हाक मारल्यावर त्यानं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, ती हललीच नाही. मोत्यानं काही चिमण्यांचे दाणे खाल्ले नव्हते. त्यानं खाल्ली होती ती आजची भाकरी.

"आशे, काल दळायला कोणती जवारी काढली व्हती?"

आशाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. पेरणी उरकून ज्वारीच्या बियाण्याची अर्धी पिशवी उरली होती. कीड मरायचं औषध लावलेलं, गुलाबी बियाणं. एवढं धान्य टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं ते घरच्या ज्वारीत मिसळलं होतं.

"तीन पाण्यानं धुतलं व्हतं आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली. "रंग पार गेला व्हता."

दाणा वाया घालवायचा नाही, हेही मनकर्णाबाईंनीच तिला शिकवलेलं. आणि काल पाखडताना, ज्वारी किती स्वच्छ आहे गं, म्हणून सुनेचं कौतुकही त्यांनीच केलं होतं. आता सुनेला बोलणार काय? बोलायला वेळही नव्हता. बद्रीनाथची जेवणाची सुट्टी अकराला व्हायची आणि घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. घरात फोन नव्हता. शेजारच्या सांडूची मोटारसायकल तेवढी होती, त्याच्या मागं त्या बसल्या.

आठ-दहा किलोमीटरचा रस्ता, पण तो काही सरेना. मनकर्णाबाईंनी देवाचं नाव घेतलं नाही. तारांवर, बाभळींवर कुठं पाखरू दिसतंय का, तेवढंच त्या बघत होत्या. ज्या ज्वारीतला दाणा चिमण्यांना घातला त्याच ज्वारीची भाकरी लेकानं नेली होती, हे डोक्यातून जाईना. कंपनीच्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा अकराचा भोंगा वाजून गेलेला होता. पहारेकरी आत सोडेना. "मव्हा लेक जेवतोय, त्याच्या तोंडातली भाकर काढा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बघून तो बाजूला झाला.

भिंतीकडं माणसांचं कोंडाळं उभं होतं. मनकर्णाबाई माणसांना ढकलत आत शिरल्या. मधोमध बद्रीनाथ उकिडवा बसला होता. भाकरी मांडीवर तशीच, एकच तुकडा मोडलेला. पुढ्यात कावळा पालथा पडला होता.

"माय, ह्यानं घास खाल्ला अन् भिंतीवरून खालीच आला गं," तो म्हणाला. "मंग मव्हा घास हातातच राह्यला."

त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्या हमसून हमसून रडल्या.

मोत्या दुपारी गेला. उरलेलं पीठ, ज्वारी, सगळं आशाबाईनं खोल खड्डा करून पुरलं. चौथ्या दिवशी बद्रीनाथनं बिडकीनच्या बाजारातून नवी ज्वारी आणली. मनकर्णाबाई पाखडायला बसल्या. लिंबावर कुठून तरी दोन चिमण्या आल्या होत्या. त्यांना बघून म्हातारीला भरून आलं. तिनं मूठ भरली.

बद्रीनाथ जवळ येऊन उभा राहिला. आज तो थट्टा करत नव्हता.

"माय, आधी त्यायला टाक," तो म्हणाला. "तासभर बघू. मंग दळून आणतो."

आशाबाईनंही मान हलवली. दोघं काळजीनंच सांगत होती, त्यात वाकडं काही नव्हतं. चिमण्या खाली उतरल्या. माना कलत्या करून नेहमीसारख्या त्या हाताकडं बघू लागल्या. मनकर्णाबाईंची मूठ उघडेना. इतकी वर्षं ते वाढणं होतं, आता ती विषाची पारख झाली होती.

त्यांनी मुठीतले दाणे आपल्याच तोंडात टाकले. दातांनी होईल तसे चावले, गिळले, आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

"आता तासभर मला बघा," त्या म्हणाल्या.

चिमण्या अंगणात तशाच वाट बघत राहिल्या.