मुळाला मगज नसतो

निजामाच्या अमलात सागाचं उभं खोड तोडलं की सुताराची हत्यारं जप्त. पुरानं उपटून आणलेलं मूळ मात्र ज्याला घावलं त्याचं. चारठाण्याच्या मुंजाजी सुताराला ओढ्यात असंच मूळ सापडलं, तीन हात सरळ. पांडुरंगानंच धाडलं म्हणत एकादशीच्या कीर्तनासाठी त्यानं कीर्तनकार बुवांना शब्द देऊन त्या मुळाची वीणा करायला घेतली.

तो देवळात गेला असताना ओढ्यापल्याडच्या चौकीवरून जंगलाचा दरोगा अंगणात आला. मुंजाजीच्या बायकोला, केवळाबाईला, त्यानं विचारलं, "ये लकडी कैसी?"

ती भोळी माउली कौतुकानं म्हणाली, "खोडच हाय बगा त्यांची, लाकडं गोळा करायची!"

दरोग्याचं मराठी कामापुरतं. खोड म्हणजे बुंधा, एवढंच त्याला ठाऊक. बायकोनं खोड कबूल केलं, असं त्यानं लिहून टाकलं आणि मुंजाजी येताच शाई पुढं सरकवली. "अंगूठा लगा."

"न्हाई लावणार."

"तेरी औरत बोली ना!"

"ती माजी खोड सांगायली सायेब, झाडाची न्हाई. हे मूळ हाय."

"सबूत?"

मुळाची दोन्ही टोकं कुजलेली. आतलं दाखवायचं तर मधोमध कापायचं, म्हणजे वीणा गेलीच. केवळाबाईनं त्याचा हात धरला. "अवो, बुवांना शबूद दिलाय तुमी."

"खोटा अंगठा लावलेल्याची वीणा इठ्ठल ऐकंल व्हय?" त्यानं करवत चालवली.

ताज्या कापावर पाणी शिंपडून त्यानं शेजारी जुन्या मेढीचा, म्हणजे खांबाचा, सागवानी तुकडा ठेवला. "ह्ये खोड. ऐन मधी मऊ ठिपका हाय, त्यो मगज. आता मूळ बगा. वाढीची कडी पुसट, अन् मधी टणक. मुळाला मगज नसतोच."

दरोग्यानं नख रुतवलं. मेढीत रुतलं, मुळात नाही. "मगज नहीं?"

"मुळाला न्हाई. लिवणाऱ्याला असावा."

कुंपणाशी जमलेली शेजारची माणसं फिसकन हसली. दरोग्यानं कागद चुरगाळला. "फिर आतूं मैं!"

"या की! एकादशीला या, कीर्तन हाय."

एकादशीला बुवांच्या गळ्यात जुनी तडकलेलीच वीणा होती. हातात मात्र त्याच मुळाच्या नव्या चिपळ्या. दरोग्याच्या धाकानं बुवा त्या दबकत वाजवू लागले, तसा मुंजाजी पुढून ओरडला, "हात मोकळा सोडा, बुवा! पार चौकीपातुर जाऊ द्या!"