नलूला भुईवर घेतलं

आनंदाबाईनं दवाखान्यातल्या खोलीचं दार हलकेच लोटलं आणि तिचा हात तिथंच थबकला. खाट रिकामी होती. नलू खाली होती, भुईवर, पातळशा गादीवर.

रात्री तर पोर खाटेवर होती. पहाटे ती आणि रूपराव, दोघं नवराबायको, व्हरांड्यात जरा लवंडली, आणि तेवढ्यात कोणीतरी तिला खाली घेतलं होतं. ना विचारणं, ना सांगणं. आनंदाबाईनं दार ओढून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

आता सांगा, आईच्या मनात दुसरं काय येणार? माणसाला भुईवर कधी घेतात हे पवनारकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जायला टेकलेल्याला खाटेवर ठेवत नाहीत. खाटेवर जीव अडकतो म्हणतात. आनंदाबाईनं सासऱ्याला असंच खाली घेतलं होतं, स्वतःच्या हातानं जागा सारवून. खाली घेतलेलं माणूस पुन्हा खाटेवर चढलेलं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की वावरात नलूच्या तळपायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसला. घरच्यांनी हळद-चुना भरला, पोर पुन्हा खेळायलाही लागली. मग एका सकाळी तिची दातखीळ बसली आणि पाठ मागं वाकायला लागली. धनुर्वात, डॉक्टर म्हणाले. तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, खिडकीला घोंगडी लावली. उजेड नको, आवाज नको, कुणाचा हात लागायला नको. खुट्ट झालं तरी झटका येतो म्हणे. आईनं पोरीला नाव घेऊन हाक मारायची नाही, हे कुठलं औषध? पण आनंदाबाईनं तेही सोसलं होतं.

रूपरावनं सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यातले लोक तोंडावर सांगत नसतात, नातेवाईक गोंधळ घालतील म्हणून शेवटपर्यंत गप बसतात, असं त्याचं आधीपासूनच मत होतं. पोर जायचीच असेल तर आपल्या घरात जाऊ दे, आपल्या सारवलेल्या भुईवर. बैलबंडी जुंपून आणतो म्हणाला आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून गावाकडं निघाला.

डॉक्टर वर्गीस आले तेव्हा आनंदाबाई दाराशीच उभी होती. पोरीला घरी नेतो म्हणाली, सुट्टी द्या. डॉक्टर केरळचे, पण मराठी याच वॉर्डात शिकलेले. त्यांना वाटलं, नेहमीचंच असेल, कोणी मांत्रिक सुचवला असेल. त्यांनी आधी समजावलं, मग चिडले. बंडीच्या हिसक्यांनी पोर वाटेतल्या धाम नदीपर्यंतसुद्धा टिकायची नाही, मी सोडणार नाही म्हणाले. तुमच्या सोडण्यावर कोण अडून बसलंय, असं आनंदाबाईनं सुनावलं. आवाज चढले. सिस्टरनं ओठांवर बोट ठेवलं ते डॉक्टरांसाठीच.

डॉक्टर वरमले. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, कालपर्यंत तुम्ही आमच्याबरोबर होता. आज काय झालं?"

"तुमी सांगून नाई राह्यले, तं मी काऊन सांगू?"

"काय नाही सांगितलं मी?"

"मरणाऱ्याले भुईवर घेतात, डाक्टरसाहेब. एवढं मले समजते."

डॉक्टरांना आत्ता कुठं उलगडा झाला. तिला खाली बसवून ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सांगू लागले. पहाटे मोठा झटका आला, पोर खाटेवरून पडता पडता वाचली. कठडे असलेली खाट वॉर्डात एकच, तिच्यावर सिंदीकडचा एक मुलगा आहे. म्हणून खाली ठेवली. भुईवरून पडायची भीती नाही. सगळं खरं होतं. पण खरं सांगणारा आणि नुसती समजूत काढणारा, दोघंही सारख्याच आवाजात बोलतात. आनंदाबाईनं अशी समजूत सासऱ्याच्या वेळी स्वतःच घातली होती, सासूची.

"मंग ते कठड्याची खाट द्या," ती म्हणाली. "पोरगी वर दिसली तं मी मानीन. नाई तं आमी नेतो."

त्या मुलाला उठवता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आनंदाबाई काही मानायला तयार नव्हती. शेवटी डॉक्टरांनी एवढंच केलं, नवरा येईपर्यंत तिला आत बसू दिलं. तिनं बांगड्या पदरात घट्ट गुंडाळल्या आणि गादीपासून हातभर दूर बसली.

अंधाराला डोळे सरावले तशी नलू दिसू लागली. नाकात नळी, मुठी आवळलेल्या, छातीवर फ्रॉकची चुणी बारीक हलत होती. चुणी हलायची थांबली की आनंदाबाईचाही श्वास थांबायचा. एकीकडं बंडी लवकर यावी असं तिला वाटत होतं, आणि येऊच नये असंही वाटत होतं. नेली आणि वाटेतच गेली तर? ठेवली आणि इथंच गेली तर? देवा, आईनं करावं तरी काय?

तेवढ्यात खोलीबाहेरच्या वॉर्डातून एका बाईनं हंबरडा फोडला. तो कशाचा, हे आनंदाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

नलूचं अंग ताडकन उसळलं. डोकं मागं गेलं, पाठ गादीवरून सुटली आणि पोर फेकल्यासारखी फरशीवर सरकली. आनंदाबाईचे हात पुढं झाले. तिनं ते मागं ओढले आणि पदराचा बोळा दातांत धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग पोरीचं अंग सैलावलं, चुणी पुन्हा हलू लागली. सिस्टरनं येऊन सुई दिली, हळूच तिला गादीवर घेतलं. आनंदाबाई गादी आणि फरशीमधलं अंतर बघत होती. मग तिनं कोपऱ्यातल्या त्या उंच, बिनकठड्याच्या खाटेकडं पाहिलं, आणि तिथून खाली फरशी किती लांब, हे मनात मोजलं.

उन्हं कलताना डॉक्टर वर्गीस परत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या मागं दोन माणसं अनवाणी पायांनी कठड्याची खाट उचलून आणत होती. वर धुतलेली चादर होती.

"खाट मोकळी झाली," डॉक्टर कुजबुजले. "आता वर घेऊ तिला."

आनंदाबाईनं चादरीकडं पाहिलं.

"ते पोरगं खाटेवरच गेलं नं?"

डॉक्टरांनी होय म्हणून मान हलवली.

"मंग राहू द्या. हे भुईवरच बरी हाय."

कठडे आहेत, पडायची नाही, असं काहीतरी डॉक्टर म्हणायला गेले. पण सकाळपासून भुईचं गुणगान त्यांनीच लावलं होतं. त्यांनी हातानं खूण केली आणि माणसं खाट घेऊन माघारी फिरली.

तोच रस्त्यावरून बैलांच्या घंट्या वाजत आल्या. आनंदाबाई झटकन उठली, दार लोटून घेतलं आणि व्हरांडा ओलांडून बंडीला आडवी गेली. रूपराव उतरला. बंडीत त्यानं वाळल्या तणसाचा जाड थर पसरला होता, वर घरातली सगळ्यात मऊ वाकळ.

"सोडते का डाक्टर?" त्यानं विचारलं. "उचलून आणू तिले?"

"आधी या घंट्या काढा," आनंदाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "अन् मंग बैल सोडा."