चैत्रातलं पाणी

आप्पांनी दोरीला बांधलेला दगड विहिरीत सोडला. दगड तळाला टेकल्यावर दोरी सैल झाली, तसं त्यांनी तिचं टोक लेकीच्या, मैत्रीच्या हातात दिलं.

"ओढ आता. ओल्या गाठी तेवढ्या मोज."

दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी होत्या. मैत्री ओढत गेली, आधी कोरड्या, मग ओल्या. चार भरल्या, पाचवी अर्धीच भिजली होती. आप्पांनी मोटारीच्या खोपटाच्या पत्र्यावर खडूनं साडेचार लिहिलं. त्याच्या वरचा आकडा सहा होता, त्याच्या वरचा साडेसात. डिसेंबरपासून ते दर रविवारी हे करत होते.

मैत्री बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. पंधरा दिवसांतून एकदा निपाणीपर्यंत एसटीनं आणि पुढं वडापच्या जीपनं गावाकडं यायची. आई गेल्यापासून घरात आप्पा एकटेच होते. खोपटाकडून विहिरीकडं परतताना तिचा पाय एका खुंटीला ठेचकाळला. कंपनीच्या माणसानं ऑक्टोबरमध्ये वीस गुंठ्यांच्या कडेनं ठोकलेल्या त्या खुंट्या अजून तशाच होत्या. आप्पांनी त्या उपटल्या नव्हत्या, की मधल्या जागेत काही पेरलंही नव्हतं.

बेंगळुरूची ती कंपनी शेतात पैसे गुंतवायला निघाली होती. कर्ज नव्हे. शेडनेट, ठिबक, ढबू मिरचीची रोपं कंपनीची, जमीन आणि राबणं शेतकऱ्याचं, आणि दहा वर्षं निम्मा माल कंपनीचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वयाच्या चौदाव्या वर्षी मालाची बोदं उचलायला लागलेल्या आप्पांना कुणी भागीदार म्हणून विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. कंपनीचा माणूस आला त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. नोव्हेंबरात मोबाइलवर दोन ओळी आल्या. आपली निवड झालेली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं.

ते कारण आप्पांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

"चैत्रात मोटार किती तास चालती, म्हणून इचारलं त्यानं," दोरी हातात घेत ते म्हणाले. "जोतिबा शेजारीच हुता, त्यानं कोपर मारलतं मला. तरी मी दोन तास म्हणून बसलो. खरं बोलायची खोड."

"दुसरंही काही असेल, आप्पा."

"दुसरं काय असणार? कागद चोख. जमीन माझ्या नावावर. पाणीच की."

मैत्री दोरी गुंडाळायला लागली. त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"ओली गुंडाळू नको गं. कुजती."

ते दोरी खोपटावर वाळत घालत असताना ती त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली. एकदा तिनं घसा खाकरला. त्यांनी मागं वळून पाणी पाहिजे का विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

संध्याकाळी शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन ते तिला सडकेपर्यंत सोडायला आले. कॅम्पात नळाला पाणी कधी येतं, असं त्यांनी विचारलं. चार दिवसांनी एकदा, तासभर, असं ती म्हणाली.

"मग कंपनी तुला दारातबी उभी करून घेणार न्हाय," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर बराच वेळ हसले. जीप वळणावर जाईपर्यंत सडकेच्या कडेला उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दूध घालायला गेलेले आप्पा कॅन हातात असतानाच खाली बसले आणि उठले नाहीत. शेजारच्या शेतातल्या जोतिबाचा फोन आला तेव्हा मैत्रीचा दुसरा तास संपत होता. फळ्यावरचं वाक्य तिनं पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि मग डस्टर खाली ठेवलं.

*

पुढचे दिवस माणसं येत राहिली. ती चहा देत होती, आप्पांचे कागद लावत होती, आणि मधेच तिला स्टाफरूममधली ऑक्टोबरची ती दुपार आठवायची. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा समोर असताना फोन वाजला होता. कंपनीतून एक मुलगी फार अदबीनं इंग्रजीत बोलत होती. करार दहा वर्षांचा आहे, तुमच्या वडिलांचं वय चौसष्ट आहे, त्यांच्यानंतर घरातलं कुणी ही शेती पुढं चालवेल का? मैत्री एकुलती एक होती. ती नाही म्हणाली. मुलीनं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मैत्री पुन्हा नाही म्हणाली, आणि लाल पेन उचलून तिनं राहिलेल्या गुणांची बेरीज केली.

ते खरंच होतं. लहानपणी ती तण भांगलायला बांधावर आली की आप्पा तिला परत पाठवायचे. तुझ्या हाताला मातीचा न्हाय, खडूचा डाग दिसू दे, म्हणायचे. त्यांनीच जे घडवलं होतं, ते तिनं फोनवर सांगितलं. एवढंच ती त्यांनाही सांगू शकली असती, नोव्हेंबरात, तो मेसेज तिनंच वाचून दाखवला तेव्हा. वाचून तिनं मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. डिसेंबरात आप्पांनी पाण्याचं कारण धरलं होतं. त्यानंतर दर खेपेला ते सांगणं अधिकच अवघड होत गेलं.

सातव्या दिवशी जलदानाचा विधी झाला. बुद्धमूर्तीपुढं आप्पांचा त्याच इस्त्रीच्या सदऱ्यातला फोटो होता. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मैत्रीचा आवाज मागं पडला. मग पाचव्याला ती पुन्हा सगळ्यांत मिसळली.

जेवणं उरकल्यावर दोनचार पुरुष मांडव सोडत होते. जोतिबा ताडपत्रीची घडी घालत होता. तेवढ्यात वरच्या आळीची शालूबाई पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढत मैत्रीजवळ येऊन बसली. आजच्या दिवशी हे काढू नये, पण कंपनीचा माणूस उद्या सकाळीच यायचा आहे, असं तिनं आधीच सांगून टाकलं. पिशवीत आप्पांनी भरला होता तसलाच फॉर्म होता. कंपनी यंदा पुन्हा माणसं निवडत होती.

मैत्रीनं पेन घेतलं. नाव. गट नंबर. क्षेत्र. पुढं शेती कोण करणार, तिथं शालूबाईनं आपल्या मुलाचं नाव सांगितलं, समर्थ. तो आत्तापासूनच तिच्याबरोबर राबत होता. मैत्रीनं ते नाव जरा सावकाश लिहिलं. मग पाण्याचा रकाना आला.

"आठ तास लिव."

"चैत्रात? तुमची मोटार आठ तास चालते, काकी?"

शालूबाईनं फोटोकडं बघितलं.

"तीन चालती. पर तुझ्या बानंच सांगितलंय मला. जायच्या आधीच्या शनवारी. म्हणला, शालू, मी खरं बोलून बसलो आणि हातचं घालवलं. तू तसलं काय करू नको. आठ सांग. जल्मात भीमाप्पानं कुणाला खोटं बोलायला सांगितलं न्हवतं. मला सांगितलं म्हंजे इचार करूनच सांगितलं असंल."

"व्हय की," जोतिबा ताडपत्रीवर गुडघा रोवून म्हणाला. "मी कोपर मारून मारून दमलो त्या दिवशी."

कुणीतरी हसलं.

मैत्रीनं फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत इंग्रजीत कराराच्या अटी होत्या. सांगितलेल्यापेक्षा पाणी कमी भरलं, तर पीक घेतलं जावो न जावो, जमीन दहा वर्षं कंपनीच्या ताब्यात राहील. ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि मराठीत समजावून सांगितली. शालूबाई ऐकत होती, पण तिची मान हलत नव्हती.

"तीन लिहूया, काकी."

"तीन लिवलं तर भीमाप्पागत माझंबी जाणार." शालूबाईचा आवाज चढला नाही. "तू शिकलेली हाईस, मैत्री. पर तुझा बा या मातीत चाळीस वर्सं हुता. त्याचं ऐकू का तुझं?"

खोपटावर वाळत घातलेली दोरी त्या रविवारपासून तशीच होती. इथून तिचं लोंबणारं टोक दिसत होतं, दगडासकट. मैत्रीनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. जोतिबानं घडी घातलेली ताडपत्री खांद्यावर घेतली आणि तो जायला निघाला.

"जोतिबामामा, जरा थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. मांडवाच्या दोऱ्या सोडणारे दोघंही वळून बघायला लागले. मैत्री फोटोकडं तोंड करून बसली होती. ती बोलायला लागली तेव्हा तिच्या बोलण्यात शाळेतला कुठलाच स्वर नव्हता.

"पाण्यानं गेलं न्हवतं ते. आप्पा खरं बोलले म्हणूनबी न्हाय. मला फोन आलता कंपनीचा. तुमच्या मागं शेत कोण करणार, म्हणून इचारलं. मी न्हाय म्हणून सांगितलं, आप्पा. दोनदा इचारलं तिनं. दोन्ही येळंला मीच न्हाय म्हणलं."