दंतवैद्याची अटक

“पान नाही म्हणजे काय नाही?” शफीकने विचारलं.

“शेवटचं पान नाही, अम्म शफीक. बाकीची कादंबरी तुमच्याच हातात आहे,” वग्दी म्हणाला. शफीकला तो अम्म, म्हणजे काका, म्हणे.

अलेक्झांड्रियाच्या नबी दानियाल रस्त्यावर वग्दी जुनी पुस्तकं वाचायला देई. लोक ती परत आणत नसत, म्हणून त्याने प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान फाडून बिस्किटांच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. पुस्तक परत आणायचं आणि तिथेच उभं राहून शेवट वाचायचा. कादंबऱ्यांतली कित्येक लग्नं आणि खून त्या फूटपाथवरच उरकत.

काल त्याच्या आईने रद्दी समजून तो डबा कोपऱ्यावरच्या बियावाल्याला खारवलेल्या बियांच्या पुड्या बांधायला देऊन टाकला होता.

शफीक ट्रामचा निवृत्त कंडक्टर. वाचनाची आवड त्याला नव्हती, बायकोला होती. दौलतला दिसेनासं झालं तसा तो तिला रोज मोठ्याने वाचून दाखवू लागला, स्टॉपची नावं पुकारावीत तशा सुरात. ऐकवता ऐकवता त्याची काही मतं झाली होती. प्रेमकथेत कुणीही पाव आणायला जात नाही. रहस्यकथेत कुणालाही लघवीला लागत नाही. आणि चहाला नको म्हणताना जो फार नम्रपणे बोलतो, तोच खुनी.

उद्या दौलतच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तिने बजावलं होतं, “शेवट कळल्याशिवाय मी जाणार नाही. तिकडे काही झालं तर मी त्या साखरपुड्याच्या दारातच अडकून पडायची.” नूरहान दंतवैद्याशी लग्न करते की बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या करीमशी, एवढाच प्रश्न उरला होता.

बियावाल्याकडे शफीकने पुड्यांमागून पुड्या विकत घेतल्या. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरचा एक माणूस कुणाचा तरी घटस्फोट वाचून तो चुरगाळताना दिसला. नूरहान कुठेच सापडली नाही. शेवटच्या पुडीतून निघाला तो एका रहस्यकथेचा शेवट. मनाने काही रचायची शफीकला सवय नव्हती. जन्मभर त्याने आहेत तेच स्टॉप पुकारले होते. तो तेच पान घेऊन घरी गेला.

त्याने फक्त नावं बदलली. करीमने दंतवैद्याचा खण उघडून पिस्तूल बाहेर काढलं. विम्याच्या पैशांसाठी केलेला खून दंतवैद्याने कबूल केला. करीमने त्याला बेड्या घातल्या.

“बोटवाल्याकडे बेड्या कुठून आल्या?” दौलतने विचारलं.

“नांगराच्या साखळीला असतात.”

“मला वाटलंच होतं. नूरहानच्या बापाकडे तो दंतवैद्य चहाला किती गोड आवाजात नको म्हणाला होता.” मग तिने पान मागून घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि एक बोट जिभेला लावलं.

“खारट आहे.”

“बंदरावरची गोष्ट आहे,” शफीक म्हणाला.

दौलत हसली. तिने पानाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. सकाळी हॉस्पिटलची गाडी आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं, “नवी आणून ठेव. खून असलेली चालेल.”

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली नाही.

दौलतचा चाळिसावा दिवस झाल्यावर शफीक पुस्तक परत करायला गेला. वग्दीने लगबगीने त्याला स्टूल दिलं. बियावाल्याच्या गोणीच्या तळाशी नूरहानचं पान मिळालं होतं. त्याने ते इस्त्री करून ठेवलं होतं.

“वाचा, अम्म शफीक. बसून वाचा.”

शफीकने ते हातातही घेतलं नाही. त्याने पुस्तक उघडून शेवट दाखवला. तिथे डाग पडलेलं, पुडीच्या घड्या असलेलं एक पान खळीने नीट चिकटवलं होतं.

“आमची वाचून झाली,” तो म्हणाला. “पुढच्याला हेच दे. फाडू नकोस.”