दर चौदा सेकंदांनी

"तेरा, चौदा... अडकला," मी म्हणालो, आणि पडद्यावर लेकीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

बायकोला ऐकू येत नाही. आजारपणात कान गेले त्याला वीस वर्षं झाली. बोलणाऱ्याचे ओठ वाचून ती सगळं समजून घेते. फोनवर ओठ तांदळाच्या दाण्याएवढे दिसतात, म्हणून लेक परदेशी गेल्यावर मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घेतला. तर हा शहाणा दर चौदा सेकंदांनी दीड सेकंद थबकतो आणि दोन-चार शब्द गिळून टाकतो. मग हिने हात वर करायचा आणि लेकीने ते वाक्य पुन्हा म्हणायचं.

चाळीस वर्षं मी पंप दुरुस्त केले. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की झडप अडकलीय ते सांगायचो. इथे पाना लावायला जागा नाही. रविवारी मनगटावरच्या घड्याळात बघून आचके मोजायचे, वहीत लिहायचे आणि सोमवारी कंपनीला फोन करायचा, एवढंच माझ्या हातात.

"सर, दोष सापडलाय. फर्मवेअरचा अपडेट येणार आहे," तिथली मुलगी गोड आवाजात सांगायची.

"म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्रामच ना? कधी येणार?"

"आमची टीम काम करतेय, सर."

"चार महिने झाले, बाई. एवढ्यात मी विहीर उपसून दिली असती."

"तुमची तक्रार पुढे पाठवते."

पुढे म्हणजे कुठे, देव जाणे. डोक्याला नुसता ताप झाला होता.

त्या रविवारी बोलणं संपल्यावर बायको म्हणाली, "अहो, ती रडलीय. डोळे सुजलेत तिचे."

"जागरण झालं असेल," मी वहीत लिहिता लिहिता म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली, तेव्हा लक्षात आलं. मान वर करून तेच पुन्हा म्हणालो.

गुरुवारी अपडेट आला. लॅपटॉप तीनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला.

रविवारी मी घड्याळ धरूनच बसलो. चौदा झाले, अठ्ठावीस झाले, लेक अखंड बोलत होती. बायकोचा हात एकदाही वर गेला नाही. एरवी तासभर चालायचं ते दहा मिनिटांत आटोपलं. पंप मीच दुरुस्त केल्यासारखी माझी छाती फुगली.

"एकही शब्द सुटला नाही ना?"

"नाही. मजेत आहे म्हणाली. काम आवडतंय म्हणाली."

"आणि डोळे?"

माझे ओठ वाचून ती पडद्याकडे वळली आणि पदराने तो पुसू लागली. "बघायला कुठे मिळाले? बोलताना ओठांवरून नजर हलवता येत नाही मला. ते अडकायचं ना, तेवढ्यात डोळे बघून घ्यायचे मी." मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तुम्हाला तर ऐकू येतं, तुम्ही कुठेही बघू शकता. कशी दिसत होती?"

दहाच्या दहा मिनिटं मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होतो.

"माहीत नाही," मी खाली मान घालून म्हणालो.

तिला ते कळलं नाही. मी मान वर करीन म्हणून ती थांबून राहिली.