चार बोटं कमी

नव्या घराच्या किल्ल्या हातात पडल्या आणि थोरलीने पहिलं काम काय केलं, तर गवंड्याला बोलावून न्हाणीघराचं दार फोडायला सांगितलं. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. धाकट्या भावाने कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, अगं नवंकोरं घर आहे! लोक आधी राहायला येतात, मग तोडफोड करतात."

"लोकांचे बाबा चाकांच्या खुर्चीत नसतात," ती म्हणाली आणि बाह्या वर सारून कामाला लागली.

बाबा वर्षभर धाकट्याकडे होते. तो त्यांना काही कमी पडू देत नव्हता, हे खरं. पण त्याच्या न्हाणीघरात खुर्ची जात नसे. मग तो त्यांना उचलून आत न्यायचा आणि दार उघडं ठेवून बाहेर उभा राहायचा. ज्या माणसाने उभा जन्म भरलेली बस चालवली, त्याला हे कसं सोसावं? बाबांनी तक्रार केली नाही, फक्त पाणी पिणं कमी केलं. थोरलीला हे कळलं तशी ती तडक त्यांच्याकडे गेली. "आता माझ्याकडे चला," ती म्हणाली.

"येईन. पण आत मी माझा एकटा जाणार. जमणार नसेल, तर आहे तिथे बरा आहे."

बाबा एकदा बोलले की बोलले. थोरलीही त्यांचीच लेक, तीही हट्टाला पेटली.

गवंड्याने भिंत ठोकून पाहिली. नुसती आडभिंत होती, तिच्यावर कसला भार नव्हता. दार मोठं झालं, उंबरा गेला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशीला आतल्या बाजूला ढाळ दिला. धुळीने सगळ्यांच्या नाकीनऊ आले, पण थोरली रोज कामावरून सुटली की थेट तिथे हजर. खुर्चीचं माप तिने स्वतः टेप लावून घेतलं होतं, या चाकापासून त्या चाकापर्यंत, वर दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा. सुताराने त्या मापाची चौकट बसवली आणि सरकतं दार लावलं.

धाकटा बाबांना घेऊन आला. थोरलीने सवयीने खुर्चीच्या मागच्या मुठी धरल्या आणि ढकललं. खुर्ची अलगद आत गेली. तिला आभाळ ठेंगणं झालं.

"बाहेर घे मला," बाबा म्हणाले. "आता मुठी सोड आणि बाजूला हो."

त्यांनी स्वतः चाकं धरली, जोर लावला आणि दारात त्यांची दोन्ही हातांची बोटं चौकटीवर आपटली. सालटं निघालं. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले.

"चौकट छान झालीय गं. चल रे धाकट्या, घरी सोड मला."

ते "घरी" थोरलीच्या काळजाला लागलं. चूक कुठे झाली ते तिला उभ्या जागी कळलं. वर्षभर ती भेटायला जायची, खुर्ची ढकलत बाबांना फिरवून आणायची. तिच्या लेखी खुर्चीला मागे मुठी होत्या, बाजूला हात नव्हतेच.

"बाबा, मी खुर्ची मोजली. तुम्हाला मोजलंच नाही." तिचे डोळे भरून आले, पण टेप तिने तेवढ्यात काढलासुद्धा. "धरा चाकं. कोपरं पसरा, चांगली ऐसपैस."

चार बोटं कमी पडत होती. तिने भिंतीवर त्याच्याही पुढे पेन्सिलीने जाड रेघ मारली.

"एवढं कशाला? बस न्यायचीय का आत?" बाबा म्हणाले. पण घरी सोड असं पुन्हा म्हणाले नाहीत.

"ताई, चौकटीचं सिमेंट अजून ओलं आहे," कोपऱ्यात पसारा आवरणारा गवंडी कुरकुरला.

"ओलं आहे ना? मग लवकर निघेल."

धाकट्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बाबांच्या सोललेल्या बोटांकडे. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि गवंड्याच्या हातातला हातोडा घेतला. पहिला घाव त्याने घातला, तोही वाकडा.

नवी रुंद चौकट आणि दार बसलं, त्या खेपेला थोरलीने मुठींना हात लावला नाही. तो आवरताना तिचा जीव मेटाकुटीला आला. बाबांनी चाकं फिरवली, कोपरं पसरून, घाई न करता. दारातून गेले, आत वळले, दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.

भाऊबहीण दोघंही श्वास रोखून बाहेर उभी राहिली.

"अजून तिथेच आहात ना दोघं?" आतून आवाज आला. "कामधंदे नाहीत का तुम्हाला?"

दोघं चोरासारखी चार पावलं मागे सरकली.

"आणि थोरले, मी बाहेर आलो की मला पाणी दे. मोठा पेला भरून दे."

पेले अजून खोक्यात होते. थोरलीने खोकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडं केलं आणि सगळ्यात मोठा शोधायला लागली.